जकार्तातली द्रौपदी

भर चौकातल्या रथावर लगाम धरलेल्या कृष्णाच्या पुतळ्याला कीर्तनकार बुवांनी गाडीतूनच हात जोडले. जकार्तात हे दिसेल, असे त्यांच्या ध्यानीमनी नव्हते. ड्रायव्हर सुगेंग पाच वेळा नमाज पढणारा. पण अर्जुनाचे गुण तोच सांगत होता आणि इथे राहणारी लेक ललिता ते मराठीत सांगत होती.

“त्याला म्हणावं, आज मराठी मंडळात माझं द्रौपदीवर कीर्तन आहे. पाच पतींची पत्नी.”

सुगेंगने गाडी हळू केली.

“तो म्हणतो, पाच कसे? ती एकट्या धर्मराजाची बायको, बाकीचे दीर. पतिव्रतेबद्दल असं बोलू नये म्हणतो.”

“वेडा आहे का हा?”

“बाबा, इकडे पिढ्यान्‌पिढ्या अशीच गोष्ट सांगतात. आणि त्याला मी कीर्तनाला बोलावलंय. शेजारी बसून अर्थ सांगणार आहे.”

चाळीस वर्षे बुवांनी हेच आख्यान लावले होते. व्यासांना खोटे पाडता येत नव्हते, आणि समोरचा माणूसही खोटे बोलत नव्हता.

संध्याकाळी कीर्तनात दुःशासनाने पदराला हात घातला आणि बुवा प्रथमच अडखळले. ‘पाच पती असताना’ हे शब्द ओठांवर आले होते. मागच्या रांगेत ललिता सुगेंगच्या कानाशी वाकली होती. पेटीवाल्याने तेच सूर पुन्हा वाजवले.

“घरचे सगळे तिथेच बसले होते,” बुवा म्हणाले, “आणि एकही उठला नाही.”

ललिताने अर्थ सांगितला. सुगेंगने मान खाली घातली.