जवाचं पाणी

हरेशची पहिली घरची बिअर फक्कड झाली. तरी ती झालीच नाही असं धरा, कारण त्याचा बापूस कासू गावच्या दारूबंदी समितीचा अध्यक्ष होता.

मोड आणून भरडलेल्या जवाचा रस कॅनमध्ये आंबत होता, तेवढ्यात नेमकी आय आली.

"ह्या काय रं?"

"जवाचं पाणी गो आय. मुतखडा झालाय मला."

संध्याकाळच्या आत बापसाने त्याला पेणच्या दवाखान्यात नेलं. एक्स-रेत खडा दिसेना, तर डॉक्टरलाच म्हणाला, "लबाड हाय, लपला असंल. पोट उघडून बघा!"



टेबलावर आडवा झालेल्या हरेशने हळूच अर्ज केला, "साहेब, आत काही न सापडल्यास दवाखान्याच्या अंगणातला एखादा मध्यम आकाराचा खडा बापसाला दाखवण्यात यावा, ही नम्र विनंती."