सहा आठवड्यांची गैरहजेरी

"आजारी? छे हो! सकाळी सातच्या ठोक्याला घराबाहेर पडते माझी पोरगी," इस्त्रीवाली म्हणाली आणि तिने हातातली इस्त्री उभी करून ठेवली. "आत्ता येईलच कॉलेजातून. बसा ना, मॅडम."

मॅडम बसल्या. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला त्या गणित शिकवत. हातावर पोट असलेल्या घरांतून आलेल्या मुलांसाठी त्यांनी यंदा जादा तास सुरू केले होते. त्या यादीत इस्त्रीवालीच्या लेकीचं नाव सगळ्यांत वर होतं. पण मुलगी सहा आठवडे कॉलेजकडे फिरकलीच नव्हती. म्हणून पत्ता शोधत त्या आल्या होत्या.

मॅडमनी हातातली हजेरीची यादी घडी करून पर्समध्ये सरकवली.

"वर्कशॉपचा अ‍ॅप्रन रोज मीच इस्त्री करून देते," आई कौतुकाने सांगत होती. "पण पोरगी भारी टापटिपीची. तेलाचा एक डाग लागू देत नाही. बाकीची पोरं म्हणे काळीकुट्ट होऊन घरी येतात!"

ती खळखळून हसली. मॅडमना हसता आलं नाही.

"होईल ना हो इंजिनिअर?"

"हुशार आहे," मॅडम म्हणाल्या. तिचे बारावीचे गुण पाहता एवढं तरी खोटं नव्हतं.

चारच्या सुमाराला मुलगी आली. दारातच मॅडमना पाहून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बघ कोण आलंय! सांग बरं, आज काय शिकवलं मॅडमनी?"

मुलगी आईकडे बघेना, मॅडमकडेही बघेना. इस्त्रीवालीचं हसू हळूहळू ओसरायला लागलं.

"आज माझा तास झालाच नाही," मॅडम घाईने म्हणाल्या आणि उठल्या. "चल, कोपऱ्यापर्यंत सोडायला ये मला."

कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "का येत नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना."

"मी?"

"पहिल्या चाचणीचे पेपर वाटताना. ज्यांना झेपत नाही त्यांनी उगाच दुसऱ्याची जागा अडवू नये, म्हणालात. मला चाळीसपैकी चार होते, मॅडम."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. सांगितलेलं काम वेळेवर केल्यासारखं ती बोलत होती.

मॅडम आठवू लागल्या. वाक्य त्यांचंच होतं, त्यात शंका नव्हती. पण म्हटल्याचं काही केल्या आठवेना. पोरांना जरा धाक असावा म्हणून दरवर्षी पहिल्या चाचणीनंतर त्या असंच काहीबाही बोलत. बोलत आणि फळ्याकडे वळत.

"मग रोज जातेस तरी कुठे?"

"बसस्थानकावर. वरच्या मजल्यावर प्रतीक्षालय आहे. तिथे कुणी काही विचारत नाही."

"दिवसभर एकटी?"

मुलगी घुटमळली. "एकटी नाही, मॅडम. आम्ही चौघं असतो."

दुसऱ्या दिवशी साडेसातला मॅडम बसस्थानकाचा जिना चढल्या. खाली गाड्यांची घरघर चालू होती. वर टोकाच्या बाकावर इस्त्रीवालीच्या लेकीसकट चौघं बसले होते, धुतलेले कपडे, मांडीवर वह्या. त्यातल्या दोघांना त्या ओळखत नव्हत्या, किंवा ओळखून विसरल्या होत्या. तिसरा गेल्या वर्षीचा, खिडकीजवळ बसणारा. तो केव्हाच पुढच्या वर्गात गेला असेल, असं त्या धरून चालल्या होत्या.

मॅडमना पाहताच चौघंही वह्या मिटून झटकन उठून उभे राहिले, वर्गात राहतात तसे.