कोइनेतच्या गावचं शिंग

वसंतराव शिंगाभोवती जपून चादर गुंडाळत होते. शारजा औद्योगिक क्षेत्रातलं त्यांचं गोदाम परवा रिकामं करून द्यायचं होतं. मुखवटे, ढाली, भाले सगळं भंगारवाल्याने नेलं. शिंगाला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

"दुबईच्या त्या गोऱ्या साहेबाचा शिंग विकत मागायला परत फोन आला होता," त्यांच्या पत्नी कुमुदताई म्हणाल्या. "आपल्यावरच चंबूगबाळं आवरायची वेळ आलीय, आणि तुम्हाला दानधर्म सुचतोय!"

"देवाची वस्तू विकून कुणाचं भलं झालंय?"

दोन वर्षांपूर्वी एका नव्या हॉटेलच्या लॉबीला आफ्रिकी साज हवा होता. नैरोबीचे व्यापारी गुणवंतभाई यांनी एकाच महिन्यात माल पाठवला आणि शिफारशीची चिठ्ठी देऊन एक वॉचमनही. कोइनेत नावाचा, ताडमाड उंच, अबोल मसाई तरुण. मग मंदी आली. हॉटेलचा नुसता खड्डा राहिला आणि माल गोदामात पडला.

पेटी उघडली त्या दिवशी कोइनेत दचकून बोलून गेला होता, "हे आमच्या गावचं."

हरणाचं पीळदार शिंग, कडेच्या भोकातून फुंकायचं. ते वाजलं की गावचे तरुण जमतात, केस उतरवतात आणि जाणत्यांत बसतात, असं त्याने सांगितलं.

"आणि नाही वाजलं तर?" वसंतरावांनी विचारलं होतं.

"तर थांबतात."

वसंतरावांच्या गावी पालखीपुढे शिंग फुंकणारे काका कडक सोवळ्यात असत. कोइनेतही शिंगाला कधी शिवला नाही. त्यावर कापड टाका म्हणाला, आणि राखणीला बसताना त्याच्याकडे पाठ करून बसू लागला. परदेशात इतकं सोवळं पाळणारं पोर पाहून वसंतरावांना भरून येई. तरीही हॉटेल उभं राहील या आशेवर त्यांनी दोन वर्षं शिंग अडकवून ठेवलंच. तिकडे एक अख्खी पिढी खोळंबली असेल.

कोइनेत आत आला. त्याने गाठोड्याकडे पाहिलं.

"साहेब, विकलं?" त्याने मोडक्या हिंदीत विचारलं.

"नाही रे. तुझ्याबरोबर घरी चाललंय. तुझं तिकीट काढलंय."

तो एक पाऊल मागे सरला. "गोऱ्या साहेबाला द्या. लांब जाऊ दे."

"संकोच करू नकोस. चूक माझी आहे, मला निस्तरू दे."

"मी इथेच दुसरी नोकरी बघतो."

"व्हिसा खलास होतोय, वेड्या! आणि तुझ्या गावी मी निरोपसुद्धा पोचवलाय. मोम्बासाच्या माझ्या ओळखीच्या मोहिद्दीनला मुद्दाम धाडलं होतं. कोइनेत शिंग घेऊन येतोय म्हटल्यावर म्हातारे ताडकन उठून उभे राहिले म्हणे. दोन वर्षं तुला शोधताहेत रे ते! पोरं तर विमानतळावरच येणार आहेत."

कुमुदताईंनी पदराने डोळे टिपले. कोइनेत मटकन खाली बसला.

वसंतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "रडून घे. आपल्या माणसांची ओढ मला कळते. तुझ्या हातून ते शिंग गावाला मिळावं, एवढंच माझं प्रायश्चित्त."

"साहेब," कोइनेत म्हणाला, "इथला व्हिसा मिळावा म्हणून ते शिंग मीच चोरून गुणवंतभाईंना दिलं होतं."