एका पोस्टला एक पाऊल

पोस्ट लिहून गोष्ट पुढे नेण्याच्या ऑनलाइन खेळाच्या ग्रुपमध्ये नव्या सदस्याने असं पात्र आणलं, की ते कशानेच मरत नव्हतं आणि भिंतीही त्याला अडवत नव्हत्या. ग्रुप सांभाळणाऱ्या ताईने त्याला लगेच वेसण घातली. "मग बाकीच्यांनी काय नुसतं बघत बसायचं? तुमचं पात्र एका पोस्टला एकच पाऊल टाकेल."

"चालेल, ताई," त्याने लिहिलं.

तेव्हापासून रोज दुपारी त्याची एकच ओळ यायची, 'एक पायरी चढलो.' सगळे त्याला गोगलगाय म्हणायचे. ताईही हसायची.

आज त्याने जरा जास्त लिहिलं. 'चाळिसावी पायरी. कठडा सुटलाय. वरचं दार हिरवं आहे.'

ताईच्या जिन्याला बेचाळीस पायऱ्या होत्या. कठडा परवाच सुटला होता. घरात ती एकटीच होती.

'एकेचाळिसावी.' दाराबाहेर एक पाऊल वाजलं.

तिने त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. जिना शांत झाला. तिच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात ग्रुपमधल्या जुन्या भिडूचा मेसेज आला. "काढलंत कशाला, ताई? आता त्याला आपला नियम कुठला लागू?"

पावलं वाजली ती तिच्या पाठीमागे, स्वयंपाकघरात. भराभर.