हुकातली भेग

रामराव हसले आणि अर्पिताच्या अंगाची लाही लाही झाली.

"मॅडम, हे खेळणं कॉलेजातल्या पोरांना दाखवा," ते म्हणाले. जालन्याच्या एका रोलिंग मिलचे ते मॅनेजर.

चौकशी अधिकाऱ्यांनी सीलबंद पिशवीतून क्रेनचा तुटलेला हूक काढला. जानेवारीत तो तुटला आणि खाली उभा असलेला कामगार बिरू जागीच गेला. हूक ठणठणीत होता, क्रेन चालवणाऱ्या अंगदनंच नको तेवढं वजन उचललं, असं कंपनीनं लिहून दिलं होतं. हे टिकलं तर अंगदला तुरुंग. अंगद अर्पिताचा धाकटा भाऊ, तिच्या शेजारीच बसलेला.

अर्पिता मंठ्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. भेग तपासायच्या तयार यंत्राची किंमत ऐकून तिनं फोन आपटला होता. मग भंगारातला मायक्रोस्कोप, निळा एलईडी आणि नाटकाच्या दिव्यावरचा नारंगी कागद घेऊन तिनं रागारागानं स्वतःच यंत्र जुळवलं. निळ्या उजेडात काही पदार्थ स्वतः चमकतात. नारंगी कागद निळा उजेड अडवतो आणि चमक तेवढी दिसते. हुकाला जुनी भेग असेल, तर तिच्यात काहीतरी शिरलेलं असणारच.

अर्पितानं हूक यंत्राखाली ठेवला; अधिकारी त्यावर वाकले आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. तुटलेल्या जागेचा निम्मा भाग काळा होता, निम्मा आतपर्यंत हिरवा-पिवळा चमकत होता.

अर्पितानं शेजारी काचेवर चिमूटभर हळद ठेवली. तीही तशीच चमकली. खंडेनवमीला मिलमध्ये सगळ्या यंत्रांची पूजा झाली, हुकालाही ओली हळद लागली, ती भेगेत उतरली. म्हणजे हूक तीन महिने आधीच तडकलेला होता, आणि तरी हे लोक माझ्या भावाला खुनी ठरवत होते, असं तिनं तोंडावर सुनावलं. रामरावांचं हसू कुठल्या कुठे गेलं.

कोपऱ्यात बिरूची आई गोपिकाबाई बसली होती. ती पहिल्यांदाच बोलली.

"हळद लावनाराला भेग दिसली असंल की. कोनी लावली?"

"सांगा ना, रामराव," अर्पिता कडाडली. "आता का गप्प? नाव सांगा त्याचं."

रामराव अंगदकडे बघत राहिले. अंगदची मान खाली गेली.

"म्या लावली, ताई. भेग दिसल्ती. पूजेच्या दिवशी हत्याराची खोड काढू न्हाई, म्हनून बोललो न्हाई. मंग राहूनच गेलं."