पहिली सही

"त्यात काय लिहिलंय ते आता मलाही पाठ झालंय," खालिद म्हणाला. "चढताना तरी फोन खिशात ठेव."

माहेनूरने ठेवला नाही. वेताळ टेकडीच्या चढावर तिने ते चौथ्यांदा वाचलं. ‘डबा सापडला. वही कोरी होती, म्हणजे पहिला मी. माझ्याआधी सापडल्याचं ज्या मॅडमनी लिहिलं आहे, त्यांच्या कल्पनाशक्तीला नमस्कार. – शरच्चंद्र.’

"कल्पनाशक्ती!" ती म्हणाली. "मला!"

खेळ साधा होता. कुणीतरी टेकडीवर डबा लपवायचा आणि जागेचे अक्षांश-रेखांश अ‍ॅपवर टाकायचे. बाकीच्यांनी शोधायचा, आतल्या वहीत सही करायची, सापडल्याचं अ‍ॅपवर लिहायचं आणि डबा होता तिथे परत ठेवायचा. नव्या डब्यातल्या वहीवर पहिली सही आपली असावी म्हणून लोक जिवाचा आटापिटा करत. माहेनूरने या डब्यासाठी पाच रविवार घातले होते.

ती वाघोलीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. याच सत्रात तिने दोन मुलांना जर्नलमध्ये खोटी रीडिंग लिहिल्याबद्दल नापास केलं होतं. त्यांतल्या एकाने शरच्चंद्रांचं वाक्य वर्गाच्या ग्रुपवर टाकलं. खाली सत्तावीस हसरे चेहरे. स्टाफरूममध्ये कुणी अवाक्षर काढलं नाही, ते तिला जास्त झोंबलं.

"सोडून दे ना," खालिद म्हणाला. "म्हातारा माणूस आहे. चष्मा विसरला असेल."

"त्या पोरांना मी सोडलं का?"

"त्यांनाही सोडायला हवं होतंस."

ती थांबून वळली. "तुला मजा वाटतेय?"

"नाही गं. ऊन वाढतंय."

तिच्या नवऱ्याचं, खालिदचं, बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं. गेली दोन वर्षं रविवारी दुकान बंद ठेवून तो तिच्यासोबत टेकड्या चढत होता. थर्मास धरायचा, सावली बघून बसायचा, आणि डबा सापडला की तिच्याइतकाच खूश व्हायचा. पर्वतीपासून धरून याआधी असे अकरा डबे झाले होते. एकाही सहीवर आजवर कुणी शंका घेतली नव्हती.

टेकडीवरच्या जुन्या खाणीच्या कडेला दोघं थांबली होती. डोक्याला रुमाल गुंडाळलेले शरच्चंद्र, निवृत्त पोस्टमास्तर. आणि हा डबा जिने लपवला होता ती प्रियदर्शनी, आयटीतली मुलगी. निवाडा करायला माहेनूरनेच तिला बोलावलं होतं.

"या मॅडम," शरच्चंद्र म्हणाले. "पुरावा आणलात?"

"पुरावा जागेवर आहे. तुमच्यासारखा नुसता तोंडात नाही."

"छान. तोंड मात्र दोघांनाही आहे."

"अहो, प्लीज भांडू नका ना," प्रियदर्शनी म्हणाली. "आपण फक्त वही चेक करू. सिंपल."

माहेनूर फोनमधल्या आकड्याकडे बघत सरळ चालत गेली. शेवटचा आकडा जुळला तिथे गुडघ्यावर बसली, सपाट दगड उचलला आणि खालचा प्लास्टिकचा डबा ओढून काढला. वही उघडून तिने शरच्चंद्रांच्या नाकासमोर धरली.

"वाचा. मोठ्याने."

त्यांनी वाचलं. "सही सुरेख आहे. तारीखही माझ्या आधीची."

"मग माफी मागा. इथे नाही, जिथे लिहिलंत तिथे."

"मागतो की. फक्त हिला विचारा, डबा तिचा आहे का."

प्रियदर्शनीने डबा उलटासुलटा करून पाहिला. "सॉरी मॅडम. हा माझा नाही. माझा स्टीलचा आहे."

शरच्चंद्र पंधरा पावलं चालत गेले, एका गिरिपुष्पाच्या बुंध्याशी वाकले आणि पालापाचोळ्यातून स्टीलची डबी घेऊन आले. आत वही होती. पहिली सही त्यांची.

"उपग्रह दहा-बारा मीटर इकडेतिकडे दाखवतोच, मॅडम. तुम्ही आकडा शोधलात. मी आडोसा शोधला."

मोजमापातली त्रुटी हा धडा माहेनूर दरवर्षी पहिल्याच आठवड्यात शिकवायची. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"मग हा डबा इथे आला कसा? कुणीतरी मला फसवलंय."

"होतं असं," प्रियदर्शनी चाचरत म्हणाली. "एखाद्याला डबा मिळतच नाही. मग तो स्वतःचाच एक ठेवतो, सही करतो आणि सापडला म्हणून लिहितो. पण मग त्या वहीत पहिली सही..."

"पहिली सही काय?"

"ठेवणाऱ्याची असते."

प्लास्टिकच्या डब्यातल्या वहीत एकच सही होती.

"म्हणजे माझं चुकलं," शरच्चंद्र म्हणाले. "कल्पनाशक्ती नव्हे. मेहनत आहे."

"मी? मी ठेवला?" माहेनूरचा आवाज खाणीवरून उलटून आला. फिरायला आलेली दोन माणसं थबकली. "मी पोरांना नापास करते असल्या गोष्टीसाठी! खालिद, सांग यांना! पाचही रविवार तू इथे होतास. सांग, हा डबा मी ठेवला नाही!"

खालिदने थर्मासचं झाकण घट्ट केलं. मग आणखी घट्ट केलं.

"तिने नाही ठेवला," तो शरच्चंद्रांना म्हणाला. "मी ठेवला. पाचवा रविवार होता. रडकुंडीला आली होती ती."

प्रियदर्शनी आपल्या बुटांकडे बघू लागली.

माहेनूरचा आवाज एकदम खाली आला. त्या दोन मुलांना केबिनमध्ये बोलावलं होतं तेव्हा असाच होता.

"हा एकच ना?"

खालिद बराच वेळ आठवत राहिला.

"पर्वतीचा खरा होता," तो म्हणाला.