तिसरी जागा

यॉल गावाच्या मुख्य रस्त्यावरच्या घड्याळाच्या वेशीखालून गाडी बाहेर पडली, तरी हॅनीच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. बॉस्टनहून निघतानाच तिने वाक्य पाठ करून ठेवलं होतं. शुक्रवारपासून ते घशाशी येत होतं आणि परत जात होतं. आज कबरींवर पवित्र पाणी शिंपडायचा रविवार, आणि उद्या तिचं विमान.

तिचा धाकटा भाऊ कॉन गाडी चालवता चालवता तिला गाव दाखवत होता. म्हणजे, जे उरलं नव्हतं ते दाखवत होता. आमच्याकडे गाव असंच दाखवतात. इथे थिएटर होतं, इथे लोहार बसायचा, इथून रेल्वे जायची. आता तिथून लोक सायकली चालवतात. किनारा दिसला तशी हॅनीला उन्हाळ्यात कॉर्क शहरातून येणारी गर्दी आठवली, आणि कागदाच्या पुडीतल्या उकडलेल्या समुद्री गोगलगायी. त्या टाचणीने टोकरून खायच्या. आई दोघांत मिळून एकच टाचणी द्यायची आणि मग वाळूत मारामारी व्हायची. त्या आता मिळतात का, असं तिने विचारलं.

“टाचण्या मिळतात,” कॉन म्हणाला.

गाव मागे पडलं. झुडपांच्या कुंपणांमधून जाणारा अरुंद रस्ता सुरू झाला. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला कॉन स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करत होता. चौथ्या गाडीला मांडीवरचं हॅनीचं बोटही आपसूक उचललं गेलं. बॉस्टनमध्ये चाळीस वर्षांत ते कधी उचललं नव्हतं. तिला एकदम भरून आलं, म्हणून ती काच खाली करून उगाच गाई बघत बसली.

कबरस्तान टेकडीवर आहे, खाली समुद्र. सगळी घरं चांगले कपडे घालून आपापल्या कबरीशी उभी होती. आठवडाभर जो तो गवत कापत होता, दगड घासत होता. या दिवशी कबर अस्वच्छ दिसली तर वर्षभर तोंड दाखवायला जागा राहत नाही. कॉनने आईवडिलांच्या कबरीवर लाल फुलं लावली होती. हॅनी दगडाकडे बघत राहिली. एका कबरीत एकावर एक तीन पेट्या बसतात. तळाशी वडील, त्यांच्यावर आई, आणि वर एकाची जागा शिल्लक. कॉन बिनलग्नाचा, कबर त्याच्या नावावर. ती जागा कुणाची, हे शेंबडं पोरही सांगेल.

आई गेली तेव्हा हॅनीकडे अमेरिकेचे कागद नव्हते. आली असती तर परत आत घेतलं नसतं, आणि तिकडे दोन लहान मुली होत्या. त्यावर बहीणभाऊ कधी बोलले नव्हते.

कर्ण्यातून फादरचा आवाज आला आणि जपमाळ सुरू झाली.

“कॉन, मला इथे यायचंय.”

“आलीस की.”

“तसं नाही रे. मेल्यावर.”

कॉनच्या बोटांतला मणी तेवढा पुढे सरकला. मग ती थांबेचना. नवरा त्याच्या इटालियन गोतावळ्यात पुरलाय, तिथल्या एकालाही माझं नाव धड घेता येत नाही. मुली म्हणतात, राख कुठेतरी सोडून देऊ. जागा तुझी आहे हे मला कळतं.

“आईला खांदा द्यायलासुद्धा मी आले नाही,” ती म्हणाली. “आणि आता तुझीच जागा मागतेय.”

“हळू बोल. शेजारच्या कबरीवरच्या कोहलनबाईने जप सोडून कान इकडे लावलाय.”

त्याने हनुवटीने भिंतीकडे खूण केली. तिथे एक नवी जागा आखलेली होती. गवत नीट कापलेलं, दगड कोरा. ती त्याची होती. आठ वर्षांपूर्वी त्याने ती घेतली, तेव्हा एकट्या माणसाला दुसरी कबर कशाला लागते यावर गावाने बराच खल केला आणि दूधडेअरी चालवणाऱ्या विधवेशी त्याचं लग्न गप्पांतच जमवून टाकलं. त्या बाईने केससुद्धा नव्याने कापून घेतले. कॉनने कुणालाच काही सांगितलं नाही.

“म्हणजे ही आईवरची जागा...”

“तुझी. कागदावर तुझं नाव तेव्हाच घातलंय.”

“आठ वर्षं? अरे, एका ओळीने कळवायचं तरी!”

“तू विचारलं नाहीस.”

हॅनी मान हलवत राहिली. हे बरोबर नाही, म्हणाली. आईचं सगळं करणारा तो, आणि तोच भिंतीपाशी एकटा. फादर शेजारच्या रांगेत पोचले होते. कॉनने टोपी काढून हातात घेतली.

“जन्मल्यापासून आई जाईपर्यंत मी तिच्याजवळच होतो, हॅनी,” तो म्हणाला. “आता तुझी पाळी.”